मोजा

पिंपळगावच्या पॅकहाऊसमध्ये सात हंगाम
मी द्राक्षं तोलली.
घड हातात घेतला की सांगायचे,
चारशे वीस. चारशे दहा.
काटा नंतर तेच बोलायचा.

म्हणून हा सातव्या महिन्यातच आला,
तेव्हा कुणी सांगायच्या आत मला कळलं :
तीन घड, त्यातला एक जरा हलका.
हातात दिलाच नव्हता. काचेतूनच तोलला.
अकराशे चाळीस, म्हणाल्या डॉक्टरीणबाई.
मी मान हलवली, जणू माल पास केला.

आता त्र्यंबक नाक्याजवळच्या या दवाखान्यात
दर तीन तासांनी
निळ्या खुर्चीत बसायचं, दूध काढायचं.
अकरा वाजता सहा मिली.
दोन वाजता चार.
पहाटे पाचला बाटलीच्या तळाशी नुसता ओलावा
आणि चिकटपट्टीवर लिहिलेलं : बेबी ऑफ प्रणिता.
नाव नाही त्याला अजून. वजन आहे.

सासूबाई फोनवर विचारतात, उतरलं का?
कुणी विचारावं, बस आली का, तसं.
अळिवाची खीर, डिंक, शतावरी,
सगळं अंगाला लागतं,
पान्ह्याला लागत नाही.

गांगुर्डे सिस्टरांनी तीन दिवस माझं बघणं बघितलं.
चौथ्या दिवशी कपाटातून
बाळांचा एक लोकरी मोजा काढला,
पिवळा, जोडीदार हरवलेला,
आणि बाटलीवर चढवला.
"आता काढ."
"किती झालं ते दिसत नाही हो, सिस्टर."
"म्हणूनच."

मोजा घातला, मोजू नये म्हणून.
हसूच आलं मला. चार दिवसांत पहिलं.

मग म्हणाल्या, श्वास बघ.
गार येतो, कोमट जातो, एवढंच बघ.
बघितला. बघता बघता
एकोणीस, वीस, एकवीस.
"मोजलंस ना?"
मी गप्प.
"असू दे. परत ये नाकाशी."

शेजारच्या खुर्चीत सुरगाण्याच्या भोये वहिनी.
जुळ्यांतली एक आत आहे.
दुसरीचं त्या बोलत नाहीत.
बाळाचं टोपडं नाकाला लावतात, डोळे मिटतात,
आणि खाचरात उभं राहावं तशा बसतात,
पाय जमिनीत रोवून.
मी विचारलं, कशाचा विचार करता?
म्हणाल्या, विचार कुठला. वास घेते.

दुसऱ्या दिवशी मीही टोपडं मागितलं.
वर वास स्पिरिटचा, मग लोकरीचा.
त्याखाली, पार खाली,
भिजवलेल्या कणकेसारखं काहीतरी,
माझ्याच पोटातून गेलेलं.
बाहेर माघाची थंडी, हॉर्न,
जीपवाला ओरडत होता, त्र्यंबक, त्र्यंबक, एक सीट.
खांदे कधी खाली आले, माहीत नाही.
छातीत मुंग्या आल्या.
हातातला मोजा जड झाला.

अकरा मिली.
पुढच्या वेळी पुन्हा चार. तेही सांगायला हवं.
रडले. सिस्टर म्हणाल्या,
रड की, पण खांदे सैल सोडून रड.

काल त्यांनी मला आत नेलं.
चपला बाहेर, हात कोपरापर्यंत धुतलेले.
सिरिंजचा दट्ट्या त्यांनी काढून टाकला,
नुसतं नळकांडं उंच धरून
माझं दूध त्यात ओतलं.
मी वाट बघत होते, आता ढकलतील.
"ढकलायचं नसतं. आपसूक उतरतं.
तू फक्त हात उंच धर."
आणि ते माझ्या हातात दिलं.

उतरायला लागलं.
थांबायचं, परत उतरायचं,
त्या दोऱ्याएवढ्या नळीतून त्याच्यात.
त्याचं पोट वर आलं, खाली गेलं, वर आलं.
माझंही.

सिरिंजवर आकडे छापलेले होते.
माझा अंगठा नेमका त्यांच्यावर होता.